बेडूक हलवू नका, फ्लॅश हलवा

मृग जवळ आला की बेडूक, पाली, साप यांच्या मॅक्रो फोटोंविषयी पत्रं येऊ लागतात. यंदाचे बहुतेक प्रश्न कॅमेऱ्यापासून वेगळ्या केलेल्या फ्लॅशविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आंबोलीत रात्री काढलेल्या माझ्या सगळ्या फोटोंत बेडकाच्या पाठीवर पांढरेफटक डाग येतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात धरला, तरी डाग फक्त जागा बदलतात, जात नाहीत. काय चुकतंय? – वाचक, कुडाळ

फ्लॅश सोडवलात हे चांगलं केलंत, पण तेवढ्याने निम्मंच काम होतं. बेडकाच्या ओल्या त्वचेत समोरची वस्तू उमटते. पाठीवरचा तो पांढरा डाग म्हणजे तुमच्या फ्लॅशच्या तोंडाचं प्रतिबिंब. त्वचा ओली आहे तोवर प्रतिबिंब राहणारच, पण ते मोठं आणि मंद करणं आपल्या हातात आहे.

उघड्या फ्लॅशचं तोंड साधारण ७ × ४ सेंटिमीटर असतं. त्यापुढे २० × २५ सेंटिमीटरचा डिफ्युझर (उजेड पसरवणारा पडदा) लावला, तर तेवढाच उजेड जवळजवळ १८ पट क्षेत्रातून येतो. बेडकावर पडणारा एकूण प्रकाश तेवढाच ठेवला, तर प्रतिबिंब सुमारे चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) मंद होतं आणि त्याखालचा हिरवा रंग, पुटकुळ्या, नक्षी दिसू लागते. मात्र हा डिफ्युझर बेडकापासून १२ ते १५ सेंटिमीटरवर हवा. तोच अर्ध्या मीटरवर नेला, तर बेडकाच्या दृष्टीने तो पुन्हा एक छोटासा दिवाच होतो. पुष्कळ जण मोठा डिफ्युझर विकत घेतात आणि लांब धरतात. मग डाग तसेच राहतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फ्लॅशचं तोंड डिफ्युझरच्या कापडाला टेकवणं. त्यामुळे मधोमध प्रखर ठिपका तयार होतो आणि कडा काळोख्याच राहतात. पाठीवर पुन्हा तोच डाग. फ्लॅश आणि बाहेरचा पडदा यांत ८ ते १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि मध्ये आणखी एक लहान पडदा लावा. आतल्यासाठी पॅकिंगमधला पांढरा पातळ फोम चालतो; बाहेरच्यासाठी ऑफिस फाइलचं दुधाळ प्लॅस्टिक किंवा पांढरं पॉलिएस्टर कापड. बटर पेपर घरात उत्तम, पण पावसात पाचव्या मिनिटाला लगदा होतो. बाहेरचा पडदा थोडा वाकवून बेडकावर छपरासारखा आला, तर उजेड पाठीच्या दोन्ही उतारांवर पोचतो. डिफ्युझर कसा झालाय ते घरीच तपासा: पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून नव्हे, तर एखादा काळा चकचकीत चमचा किंवा ओली वांगी समोर ठेवून. प्रतिबिंबात उजळ ठिपका दिसला तर अंतर वाढवा.

दिशा विचाराल, तर वरून आणि किंचित पुढून. डोळ्यात वरच्या भागात एकच मोठी चमक दिसली पाहिजे. लेन्सवर पोलरायझर (चमक गाळणारा फिल्टर) लावून चमक आणखी कमी होते, पण दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. फ्लॅशवरही पोलरायझर फिल्म लावून दोन्ही काटकोनात फिरवले, तर चमक पूर्ण नाहीशी होते. अंगावरची नक्षी नोंदवायला हे उपयोगी आहे. एरवी टाळा, कारण पावसातला बेडूक मातीच्या खेळण्यासारखा कोरडा दिसू लागतो.

प्रश्न : सुरुवात कुठल्या सेटिंगने करावी? टीटीएल (फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) वापरू की मॅन्युअल? – वाचक, पुणे

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स धरून चालू. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६० सेकंद, ॲपर्चर एफ/११, आयएसओ २००, फाइल रॉ, व्हाइट बॅलन्स फ्लॅशचा. फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पॉवर. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे टॉर्चचा उजेड फोटोत शिरत नाही, आणि हात हलला तरी फोटो हलणार नाही, कारण आता उजेड फक्त फ्लॅशचा आहे. १/१६ पॉवरला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच संपतो. पूर्ण पॉवरला तो बराच लांबतो आणि डराव डराव करणाऱ्या नराची स्वरपिशवी अस्पष्ट येते. म्हणून पॉवर वाढवण्याऐवजी डिफ्युझर जवळ आणा किंवा आयएसओ ४०० करा. बॅटरीही टिकते.

शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेऊ नका. ही कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशशी जुळणारं सर्वांत जलद शटर असतं. ओलांडली की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

टीटीएल अंधाऱ्या पार्श्वभूमीला फसतं: मोठा काळा भाग पाहून उजेड वाढवतं आणि बेडकाचं पोट, गळा पांढरा जाळून टाकतं. बेडूक एका जागी बसलेला असेल तर मॅन्युअल. सरडा पळतोय, अंतर सारखं बदलतंय, तर टीटीएल आणि त्यावर वजा २/३ स्टॉपची भरपाई. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. मलबार उडत्या बेडकासारख्या गडद हिरव्या प्राण्यात हिरवा रंग आधी जळतो आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही.

एफ/११ का, हेही पुष्कळांनी विचारलंय. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/११ ला १:४ आकारात (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या चौथाई) सुमारे १३ मिलिमीटर खोली स्पष्ट येते, १:२ ला ४ मिलिमीटर आणि १:१ ला जेमतेम सव्वा मिलिमीटर. चार सेंटिमीटरच्या बेडकाने फ्रेमची अर्धी रुंदी व्यापायची, तर आकार १:२ च्या जरा अलीकडे असतो. म्हणजे डोळा आणि नाकपुडी स्पष्ट येतील, मागचा पाय येणार नाही. एफ/२२ करून खोली वाढेल, पण जवळून फोटो काढताना खरं ॲपर्चर आणखी बारीक होतं (१:१ ला एफ/११ चं एफ/२२ होतं) आणि विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा कॅमेरा बेडकाच्या बाजूला समांतर न्या. डोळा, खांदा, मांडी एका प्रतलात आली की ४ मिलिमीटरही पुरतात.

प्रश्न : एका हातात कॅमेरा, एका हातात फ्लॅश, तोंडात टॉर्च. फोकस कसा करायचा? फ्लॅश उडवणारा ट्रिगर रेडिओचा घ्यावा की केबल पुरेल? – वाचक, नाशिक

टॉर्च तोंडातून काढून लेन्सच्या कडेला बांधा, तीही मंद. डाव्या हाताने लेन्स आणि उजव्याने कॅमेरा धरायचा असेल, तर फ्लॅश ब्रॅकेटवर न्यावा लागतो. तळाशी पट्टी आणि त्यावर दोन बॉल जोड असलेला हात ही रचना पावसात सर्वांत भरवशाची. लवचीक गुजनेक हात स्वस्त असतो, पण फ्लॅश आणि डिफ्युझरच्या वजनाने हळूहळू वाकतो आणि डिफ्युझर फ्रेममध्ये उतरतो. सोबती असेल तर फ्लॅश त्याच्याकडे द्या. त्याला "जरा वर, जरा मागे" सांगणं हे कुठल्याही ब्रॅकेटपेक्षा जलद होतं.

केबल पुरते. टीटीएल केबलला वेगळी बॅटरी लागत नाही आणि ती भिजलेल्या हवेत रेडिओइतकी रुसत नाही. गुंडाळी केबल मात्र ताणली की ब्रॅकेट ओढते, म्हणून थोडी सैल ठेवा. मागून प्रकाश टाकायचा असेल किंवा दोन फ्लॅश असतील, तर रेडिओ ट्रिगर हवाच. तो चालत नसेल तर तीनच गोष्टी तपासा: चॅनेल आणि ग्रुप दोन्हीकडे सारखे आहेत का, फ्लॅश झोपी तर गेला नाही ना (पॉवर सेव्ह बंद करा), आणि हॉट शूचे (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेचे) धातूचे ठिपके कोरडे आहेत का. नुसत्या उजेडाने चालणारे ऑप्टिकल ट्रिगर पानांच्या आड आणि उन्हात दगा देतात. त्यांवर पैसे घालू नका.

प्रश्न : बेडूक छान येतो, पण मागे डांबरासारखा काळोख. जंगल दिसतच नाही. – वाचक, ठाणे

फ्लॅश बेडकापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि मागचं पान बेडकाच्या ३० सेंटिमीटर मागे, तर पान फ्लॅशपासून तिप्पट अंतरावर आहे. त्यावर नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पडतो. तेच पान बेडकाच्या १० सेंटिमीटर मागे असेल, तर एक तृतीयांशाहून थोडा जास्त उजेड मिळतो आणि हिरवं दिसतं. म्हणून आधी कोन शोधा. बेडकाभोवती फिरा, खाली वाका, त्याच्या लगेच मागे पान किंवा शेवाळलेला दगड येईल अशी जागा घ्या. फांदी वाकवून आणू नका. पाण्यावर झुकलेल्या फांदीला उडत्या बेडकाचं फेसाळ घरटं असू शकतं, आणि ते पाण्यावरून सरकलं तर अंड्यांतून निघालेली पिल्लं कोरड्यात पडतात.

दुसरा उपाय वेळेचा आहे. तिन्हीसांजेला आकाशात थोडा उजेड असताना एफ/८, आयएसओ ८००, १/१५ सेकंद ठेवा. फ्लॅश बेडकाला उजळेल, मंद शटर जंगलाला. इथे कॅमेरा टेकवावाच लागतो, नाहीतर कडांना दुहेरी रेषा येते. तिसरा उपाय दुसऱ्या फ्लॅशचा: १/३२ पॉवर, मागच्या झुडपाकडे तोंड, फ्रेमच्या बाहेर.

तरीही सांगावंसं वाटतं की रात्रीच्या प्राण्यामागे काळोख असणं हा दोष नाही. काळी बाह्यरेषा काळोखात हरवते तेव्हा तो दोष ठरतो. त्यासाठी मागून, वरून एक मंद कडेचा प्रकाश पुरतो.

प्रश्न : आमच्याकडे वाटाड्ये बेडूक पकडून छानशा पानावर ठेवतात. फोटो स्वच्छ येतात. यात गैर काय? – वाचक, मुंबई

बरंच गैर आहे. बेडूक त्वचेतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो. हातावरचं डास पळवणारं मलम, सॅनिटायझर, साबण, घामातलं मीठ थेट आत जातं. धरलेला बेडूक मूत्राशय रिकामं करतो. ते त्याने साठवलेलं पाणी असतं. पकडलेला नर ओरडणं थांबवतो आणि विणीची ती रात्र वाया जाते. आणि फोटोही खोटा होतो: जमिनीवरचा बेडूक फुलावर बसलेला दिसतो, आणि जाणकाराला तो पहिल्या नजरेत कळतो. शिवाय संरक्षित प्राणी पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीतच मोडतं.

आंबोलीच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) तर पाऊलसुद्धा जपून टाकायला हवं. आंबोली टोड हा छोटा भेक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने कळला आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसानंतर जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. बोटभर पाण्यात गुडघा टेकवून फोटो घेणारा माणूस काय चिरडतोय ते त्याला दिसत नाही. आधी टॉर्चने डबकं पाहा, मग कोरड्या दगडावर बसा.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना गमबुटांचा चिखल घासून धुवा आणि बूट पूर्ण वाळवा. जगभर बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून प्रवास करते. कडक वाळल्यावर ती मरते.

वाटाड्याला आधीच सांगा: "पकडू नका, फक्त दाखवा." पैसे देणाऱ्यानेच सांगितलं, तर प्रथा मोडते.

प्रश्न : फ्लॅशने त्यांचे डोळे खराब होतात का? – वाचक, कोल्हापूर

रात्री फिरणाऱ्या बेडकांचे आणि पालींचे डोळे आपल्याहून कितीतरी जास्त प्रकाशग्राही असतात. काही निशाचर पाली चांदण्यातही रंग ओळखतात. काळोखाला सरावलेल्या बेडकाच्या डोळ्यावर अचानक उजेड टाकला, तर पुन्हा सरावायला त्याला बराच वेळ लागतो, आणि तोवर भक्ष्य टिपणं आणि शत्रू ओळखणं दोन्ही अवघड जातं. या दृष्टीने क्षणभराच्या फ्लॅशपेक्षा पाच मिनिटं रोखून धरलेली हजार ल्युमेनची टॉर्च जास्त त्रासदायक. टॉर्च मंद करा, थेट डोळ्यावर न टाकता बाजूच्या पानावर टाका, फोकस झाला की बंद करा. सेटिंगची चाचणी शेजारच्या दगडावर घ्या. एका बेडकाचे पाच-सहा फोटो झाले की पुढे निघा. नर ओरडायचा थांबला, तर तुम्ही जवळ आला आहात. मागे सरा आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत काहीच करू नका.

डोळे लाल किंवा पिवळे चमकतात ते फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे. तो हातभर बाजूला नेला की चमक जाते.

प्रश्न : हिरव्या चापड्याचा (झाडावरच्या विषारी सापाचा) चेहरा भरून फोटो हवा आहे. १०० मिलिमीटर मॅक्रो आहे. किती जवळ जावं? – वाचक, साखळी, गोवा

त्या लेन्सने जाऊ नका. १:१ ला लेन्सचं तोंड आणि साप यांत १५ सेंटिमीटरहून कमी अंतर उरतं. चापडा शरीराच्या निम्म्या लांबीपर्यंत झेप घेऊ शकतो आणि तो मीटरभर वाढतो. अंतर सापाच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्तच ठेवायचं. एक मीटरवरून १०० मिलिमीटर लेन्स १:९ आकार देते. तीन सेंटिमीटरचं डोकं फ्रेमच्या दहाव्या हिश्श्यातही भरत नाही. ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स सव्वा ते दीड मीटरवरून १:४ च्या आसपास देते. डोकं फ्रेमच्या पाचव्या भागाएवढं येतं, आणि फांदीवरचं वेटोळं सकट घेतलं तर फोटो चेहऱ्यापेक्षा सुंदर होतो.

फ्लॅश हातात धरून पुढे करायचा नाही. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो. थंड रात्री ऊबदार हात त्याला स्पष्ट कळतो. फ्लॅश लांब मोनोपॉडच्या टोकाला लावून हळू आत न्या आणि सापापासून ६० ते ७० सेंटिमीटरवर थांबवा. तेवढ्या अंतरावर लहान डिफ्युझर निरुपयोगी, ४० × ४० सेंटिमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स लागतो. एकाने फोटो काढायचे, दुसऱ्याने फक्त सापावर आणि पायाखाली नजर ठेवायची. बेडकाच्या नादात गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या फांदीवरचा चापडा आणि जांभ्यावरचं फुरसं हमखास नजरेतून सुटतात. पोटावर झोपण्याआधी जमीन तपासा.

भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. चापड्यासाठी वेगळी लस नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता, अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पंखा फुलवणारे सरडे दुपारच्या उन्हातच दिसतात. तिथे फ्लॅशचा काय उपयोग? – वाचक, सातारा

तिथेच त्याची खरी गरज आहे. ऊन डोक्यावर असतं आणि नर मान उंचावून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो, तो नेमका त्याच्याच हनुवटीच्या सावलीत येतो. भर उन्हात आयएसओ १००, एफ/११, १/२०० सेकंद हे जवळपास अचूक एक्स्पोजर आहे आणि ते सिंक मर्यादेतच बसतं, म्हणून हायस्पीड सिंकची (त्याहून जलद शटरलाही फ्लॅश चालवणाऱ्या सोयीची) गरज नाही. ते वापरलंत तर फ्लॅशची ताकद दोन स्टॉपहून अधिक घटते. सरडा दीड मीटरवर असेल तर फ्लॅशचा झूम १०५ वर (झोत अरुंद), डिफ्युझर काढून, पॉवर १/३२ ते १/१६. फ्लॅश जमिनीलगत, बाजूने, छातीच्या दिशेने. सावली उन्हापेक्षा दीड-दोन स्टॉप गडद राहू द्या. बरोबरीला आणली तर दुपार दुपार वाटत नाही. पंखा क्षणभरच पूर्ण उघडतो. १/३२ ला फ्लॅश लगेच भरतो, त्यामुळे लागोपाठ तीन-चार फोटो मिळतात. पंख्याची निळाई कोनागणिक बदलते. फ्लॅश थोडा पुढे-मागे करून पाहा. नराने निवडलेल्या दगडापासून त्याला हुसकावलं तर तो दिवसभराची जागा गमावतो, म्हणून आधी लांबच झोपा आणि त्याला येऊ द्या.

प्रश्न : पालीच्या अंगावरचे खवले सपाट दिसतात. – वाचक, बेळगाव

पाल कोरडी असते, बेडकाचा मऊ उजेड तिला मानवत नाही. फ्लॅश जवळजवळ काटकोनात बाजूला न्या, डिफ्युझर तळहाताएवढा करा. दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटरवर पांढरा कार्ड धरा, म्हणजे सावली पूर्ण काळी पडणार नाही. खापरखवल्या सापाचं याच्या उलट आहे: त्याच्या गुळगुळीत खवल्यांवरची इंद्रधनुषी झाक मोठ्या डिफ्युझरखाली लांबवर पसरते, छोट्या फ्लॅशखाली चार ठिपक्यांत संपते.

प्रश्न : पावसात फ्लॅश वापरणं सुरक्षित आहे का? लेन्सवर धुकंही धरतं. – वाचक, रत्नागिरी

फ्लॅशमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही काही काळ तसाच राहतो. फ्लॅशवर पारदर्शक पिशवी चढवा, तोंड खाली ठेवून रबराने बांधा. पण पूर्ण हवाबंद करू नका आणि सलग वीस-पंचवीस फोटोंनंतर त्याला थंड होऊ द्या. आत पाणी गेलं तर बॅटऱ्या काढा आणि पुन्हा चालू करून बघू नका. स्वतः उघडू तर मुळीच नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

धुकं धरतं ते एसी गाडीतून किंवा खोलीतून थंड लेन्स दमट हवेत काढल्याने. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. परत आल्यावर सगळं पुसून पंख्याखाली वाळवा आणि डब्यात सिलिका जेलसह ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात भिजलेली लेन्स बॅगेत तशीच राहिली, तर काचेवर बुरशीचे धागे उमटतात. डिफ्युझरचं कापड वेगळं वाळवा. ओलं घडी केलं तर पिवळं पडतं, आणि मग प्रत्येक फोटोत पिवळी झाक येते.